सोप्या टप्प्यावर मोडलेला पाय

डोंगरातल्या लांबवाटेच्या सोप्या टप्प्यावर एका चष्मेवाल्यांचा पाय मोडला. मोडायला नको होता, कारण त्या टप्प्यावर पाय मोडण्याची सोय नव्हती. अवघड टप्प्यांवर ती उत्तम आहे. तिथे लोखंडी साखळ्या आहेत, इशाऱ्याचे फलक आहेत आणि जागोजागी लाल पेट्यांत स्ट्रेचर ठेवलेली आहेत. हा टप्पा मात्र सोपा आहे असे वाट-कार्यालयाने एकदा ठरवून टाकल्यामुळे तिथे फक्त एक बाक आहे, आणि तोही दृश्य पाहण्यासाठी.

चष्मेवाले सकाळचा नाश्ता आटोपून बायकोच्या मागून चालत होते. त्यांचा डावा पाय दोन दगडांच्या फटीत राहिला, बाकीचे चष्मेवाले पुढे गेले आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. डोळ्यांवरचा चष्माही फुटला. तो स्वतःच्याच दुकानातला होता, त्यामुळे पडल्या पडल्या त्यांना पहिले दुःख चष्म्याचे झाले. पायाचे नंतर झाले, पण मग काही थांबेना.

त्यांच्या बायकोची ड्रायव्हिंग स्कूल आहे. निम्म्या शहराने ब्रेक आणि क्लच त्यांच्याकडून शिकला. मीही त्यातलाच. ही हकीकत त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली तेव्हा मला गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली होती. तर या बाईंनी नवऱ्याला काखेत धरून कसेबसे बाकावर बसवले, पाठीवरची बॅग त्याच्या पायाखाली दिली आणि मदतीची वाट पाहू लागल्या. मदत येणारच होती, कारण लांबवाट कधी ओस नसते. ती पुरी चालायला काही महिने लागतात. त्या काळात माणसे तिथेच राहतात म्हटले तरी चालेल. ओढ्यात मोजे धुतात, ते बॅगेला बांधून चालता चालता वाळवतात, पिशवीतल्या नूडल्स पिशवीतच खातात आणि वजन वाचवायला टूथब्रशची दांडी कापतात. खरे नाव खालीच ठेवून येतात आणि इतरांनी पाडलेल्या नावाने हाक मारून घेतात. सगळे एकमेकांना भेटून फार आनंदतात.

पहिला आला तो 'टॉवेल'. त्याच्या बॅगेवर कायम एक ओला टॉवेल लटकलेला असे. खाली शहरात तो दातांचा डॉक्टर होता.

"दात असता तर इथेच बघितलं असतं," तो हळहळत म्हणाला. मग त्याने वाकून पाय पाहिला. "मोडलाय. हाड लवकर बसवायला हवं. दोन-चार दिवसांपलीकडे गेलं तर वाकडं जुळेल आणि काका आयुष्यभर लंगडतील."

"मग धरा ना एका बाजूने! खाली नेऊ या."

"खाली?" टॉवेलने दचकून मागे पाहिले. "काकू, मी वर चाललोय." आणि चष्मेवाल्यांच्या हातात एक बिस्कीट ठेवून तो खरोखरच वर गेला.

त्यानंतर चौघांचे एक टोळके आले. चौघे तरणेबांड होते, काठ्या आणि तंबू जवळ होते, म्हणजे डोली अर्धी तयारच होती. बाईंना हायसे वाटले. पण त्या चौघांनी एकमेकांकडे पाहून माना खाली घातल्या.

"आमची मनापासून इच्छा आहे काकू," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "पण आम्ही सलग चालतोय. मागे गेलो की सलगपणा मोडतो."

"अरे, इथे माणूस मोडलाय!"

"पाय जुळतो काकू. सलगपणा नाही जुळत."

जाताना त्यांनी चष्मेवाल्यांना सकारात्मक विचार करायला सांगितले आणि एकाने बाकामागे उभे राहून फोटो काढला. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात शिट्टी वाजवत वाटरक्षक आला. हिरवे जाकीट, कमरेला दोरी आणि चेहऱ्यावर सगळ्या डोंगराची काळजी. त्याने पायाकडे पाहिले आणि ताबडतोब नजर वळवली.

"मुरगळलाय," तो म्हणाला.

"मोडलाय. डॉक्टरने सांगितलंय."

"बाई, मी या टप्प्यावर नोकरीला लागल्यापासून इथे एकही पाय मोडलेला नाही. आजही मोडू देणार नाही." मग आवाज मऊ करून म्हणाला, "पण माणुसकी म्हणून सांगतो. खाली मुक्कामघरात फोन आहे. शोध आणि सुटका पथकाला लावा."

बाई धावत मुक्कामघरात गेल्या. फोन लगेच उचलला गेला, तेवढ्यानेच त्यांना रडू फुटायच्या बेतात आले.

"कोण हरवलंय?" पलीकडून विचारणा झाली.

"हरवलं कोणी नाही. माझ्या मिस्टरांचा पाय मोडलाय. झऱ्याच्या वरच्या बाकावर बसलेत."

"म्हणजे ते कुठे आहेत हे तुम्हाला माहीत आहे?"

"हो! तेच तर सांगतेय!"

पलीकडचा आवाज खट्टू झाला. "बाई, आमचं पथक शोध आणि सुटका पथक आहे. आधी शोध, मग सुटका. सापडलेला माणूस आम्ही शोधायचा कसा?"

"शोधू नका. नुसती सुटका करा."

"मधूनच सुरुवात नाही करता येत. उद्या कोणी म्हणेल, आम्हाला नुसतं शोधा, सोडवू नका. मग काय करायचं?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "मग मी करू तरी काय?"

"ते मी सांगू शकत नाही. पण त्यांना शेवटचं पाहून बराच वेळ झाला असेल, तर…"

"अर्धा तास झाला."

"अर्ध्या तासात माणूस कुठेही जाऊ शकतो."

"मोडक्या पायाने?"

"बाई, मी मदत करायचा प्रयत्न करतोय."

बाईंनी आयुष्यभर लोकांना सिग्नल ओळखायला शिकवले होते. हा त्यांनी ओळखला. "माझा नवरा हरवलाय हो!" त्या फोनमध्ये ओरडल्या, आणि पथक उद्या सकाळी निघेल असे आश्वासन मिळाले.

दोघांनी ती रात्र बाकावरच काढली. सकाळी लाल जाकिटांतले पथक कुत्र्यासह आले, तेव्हा चष्मेवाल्यांना इतका आनंद झाला की त्यांनी बसल्या जागेवरून हात हलवला. पथकप्रमुख थेट त्यांच्याकडेच आला आणि त्याने फोन पुढे धरला. फोनवर बाईंनी मुक्कामघरातून पाठवलेला फोटो होता.

"या गृहस्थांना कुठे पाहिलंत का?"

"अहो, मीच तो."

प्रमुखाने फोटोकडे पाहिले, चष्मेवाल्यांकडे पाहिले. "यांना चष्मा आहे."

"फुटला."

"आणि हे हसतायत."

बाई मध्ये पडल्या. "ते हेच आहेत. मी बायको आहे त्यांची!"

"तुम्हीच काल कळवलंत ना, की ते कुठे आहेत ठाऊक नाही? मग आज कसं ठाऊक झालं?" प्रमुखाने हे अगदी अदबीने विचारले. "बाई, घरच्या माणसांची मनःस्थिती आम्ही समजू शकतो. कोणीही दिसलं तरी आपलंच वाटतं."

कुत्र्याने चष्मेवाल्यांचा मोजा हुंगला, शेपटी हलवली आणि तो त्यांच्या पायाशी बसकण मारून भुंकू लागला. त्याला दटावून ओढून नेण्यात आले. शोध माणूस शेवटचा दिसला त्या जागेपासून लांब लांब न्यायचा असतो आणि शेवटची जागा हाच बाक होता, म्हणून पथक बाकापासून शक्य तितक्या वेगाने दूर गेले. दिवसभर डोंगरात चष्मेवाल्यांच्या नावाने हाका ऐकू येत होत्या. प्रत्येक हाकेला चष्मेवाले "ओ" देत होते. शेवटी त्यांचा घसा बसला. संध्याकाळच्या भुरभुर पावसात पथक दमून खाली उतरले. जाताना सगळ्यांनी बाईंचे सांत्वन केले.

तिसऱ्या दिवशी वाटरक्षक आला आणि कमरेची दोरी सोडून त्याने ती बाकाभोवती बांधायला घेतली.

"हे काय?"

"वाटेवर तीन दिवस एका जागी राहिलेली गोष्ट निसर्गाचा भाग धरली जाते," तो म्हणाला. "ओंडका असो, दरड असो, घरटं असो. मग ती हलवायला बंदी. जशी आहे तशी राहू द्यायची."

"हा माझा नवरा आहे!"

"घरट्यातल्या पिलांना सूट नाही, तर यांना कुठून देऊ? मला वाईट वाटतं बाई. पण आज एका नवऱ्याला हात लावू दिला, तर उद्या लोक दगड उचलून घरी नेतील."

दोरी बांधल्यावर मात्र गर्दी वाढली. आधी जे बाजूने निघून जात होते ते आता थांबू लागले. चालून चालून कंटाळलेल्या माणसांना काहीतरी पाहायला मिळाले. एका बाईने आपल्या मुलांना लांबूनच दाखवून सांगितले की यांना खायला द्यायचे नाही, त्यांना सवय लागते. एकाने वाटरक्षकाकडे तक्रार केली, "हे सारखे हलतात. फोटो नीट येत नाही." वाटरक्षकाने चष्मेवाल्यांना समज दिली.

चष्मेवाले तसे सोशिक. पण दुपारी त्यांनी बायकोचा हात धरला आणि बसक्या आवाजात म्हणाले, "अगं, मला घरी जायचंय. पाय वाकडा जुळला तर दुकानातली शिडी कशी चढू? सगळ्या फ्रेमा वर आहेत." लग्न झाल्यापासून त्यांनी या माणसाला कशासाठी हट्ट करताना पाहिले नव्हते. या क्षणी कोणीही येऊन काहीही मागितले असते, तरी त्यांनी दिले असते.

नेमके तेव्हा गर्दीतल्या कुणाच्या तरी हातून चॉकलेटचा कागद खाली पडला.

वाटरक्षकाची शिट्टी अशी वाजली की डोंगर दणाणला. "उचला! आधी उचला तो!" तो थरथरत होता. "आपण वर आणलेला कचरा आपणच खाली न्यायचा! एक कणसुद्धा इथे राहता कामा नये!" सगळ्यांच्या चेहऱ्यावर खरी भीती होती. तिघे-चौघे एकदम त्या कागदावर झेपावले. कागद अलगद उचलला गेला, झटकला गेला, घडी करून पिशवीत गेला. एका माणसाने तर त्या जागेची माफी मागितली.

बाई हे सगळे डोळे बारीक करून पाहत होत्या. मग त्या वाटरक्षकासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"यांना इथे वर कोणी आणलं?"

"तुम्हीच."

"बरोबर. मीच आणले. आणि आता मला ते नकोत. मी टाकून दिले."

"म्हणजे?"

"म्हणजे हा कचरा आहे."

"अगं!" चष्मेवाले म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. कचरा बोलत नाही."

वाटरक्षक पांढराफटक पडला. त्याच्या सोप्या, स्वच्छ टप्प्यावर, भर बाकावर, तीन दिवस एवढा मोठा कचरा पडून होता आणि त्याने स्वतःच्या हाताने त्याला दोरी बांधली होती. "कोणी वरिष्ठांना सांगू नका," तो पुटपुटला आणि शिट्टी फुंकत सुटला. "चला! धरा! अंधार पडायच्या आत खाली गेला पाहिजे!"

आणि माणसे धावली. कचरा खाली नेणाऱ्याला वाट-कार्यालयाकडून बॅगेवर शिवायचा कापडी बिल्ला मिळतो, आणि कचऱ्यासाठी मागे चालले तरी ते सलग चालणेच धरतात. काठ्या आल्या, तंबू आला, क्षणात डोली तयार झाली. कोण कुठला कोपरा धरणार यावरून हमरीतुमरी झाली. कचरा पिशवीतच हवा, म्हणून चष्मेवाल्यांना त्यांच्याच स्लीपिंग बॅगेत गळ्यापर्यंत घालून चेन लावण्यात आली. दर वळणावर नवे हात पुढे येत होते. "जरा आम्हालाही द्या," लोक विनवत होते. अवघड उतारावर त्यांना फुलासारखे जपून उतरवले गेले. आपल्यावर इतके प्रेम कोणी केल्याचे चष्मेवाल्यांना आठवत नव्हते.

पायथ्याशी कचरा वेगळा करायचे केंद्र होते. तिथल्या माणसाने मान वर न करता विचारले, "ओला की सुका?"

"काल पावसात भिजले होते," बाई म्हणाल्या. "आता सुकलेत."

"हातात घड्याळ दिसतंय. बॅटरी वेगळ्या डब्यात टाका."

चष्मेवाल्यांनी मुकाट्याने घड्याळ काढून दिले. उचलून आणणाऱ्यांना बिल्ले वाटण्यात आले, टाळ्या झाल्या, सगळ्यांचा मिळून फोटो निघाला. फोटोत चष्मेवाले आले नाहीत, कारण ते खाली ठेवलेले होते. मग सगळे परत डोंगराकडे वळले. रस्त्याच्या पलीकडेच हॉस्पिटल होते. तिथवरचा रस्ता लांबवाटेत मोडत नसल्यामुळे बाईंनी नवऱ्याला पाठीवर घेतले आणि एकटीनेच रस्ता ओलांडला.

ही हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली. लोक पोट धरून हसतात, डोळे पुसतात, काय एकेक माणसे असतात म्हणतात. मग विचारतात, जायला कुठला महिना बरा, बूट कसले घ्यावेत, आणि तो बिल्ला अजून देतात का. पायाचे पुढे काय झाले, हे अद्याप कोणी विचारलेले नाही. तुम्हीही इथवर हसत आलात. तुम्ही तरी विचाराल म्हणून मी थोडा वेळ थांबून पाहिले.