धर्मराजच्या रक्तातला वायू

"रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढलाय," संपत कंपाउंडर रिपोर्ट बघत म्हणाला. "डॉक्टरसाहेब लग्नाला गेलेत. उद्या या."

"ते काय असतंय?" धर्मराजने विचारलं. पायात गोळे येतात म्हणून त्याने रक्त तपासायला दिलं होतं.

"वायू. जुन्या विहिरीच्या तळाशी असतो ना, तोच."

संपतने सहज सांगितलं, पण सांगितलं कुणाला? अंबडच्या आसपासच्या विहिरींचा गाळ काढण्यात धर्मराजचा जन्म गेला होता. उतरण्याआधी तो दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला, की खाली मरण बसलंय असं समजायचं. त्या वायूने गेलेली माणसं त्याने डोळ्यांनी पाहिली होती. आता तोच आपल्या अंगात शिरलाय, असं त्याला वाटलं. एसटीत शेजारच्या बाईच्या मांडीवर लेकरू होतं, म्हणून हा गावापर्यंत खिडकीबाहेर तोंड काढून श्वास सोडत राहिला.

घरी येताच तो बायकोला म्हणाला, "चिमणी लाव. माझ्या तोंडापुढं धर."

साळूबाईने धरली. धर्मराजने घाबरून भला मोठा श्वास सोडला. चिमणी विझली.

"संपलं," तो म्हणाला आणि खाटेवर आडवा झाला.

साळूबाई रडली, पण बाई खमकी. तिने चिमणी पुन्हा लावून स्वतःच्या तोंडापुढे धरली. तीही विझली.

"अवं, माझ्यात बी शिरलाय!"

शेजारची नंदाबाई रडणं ऐकून आली. तिच्याही श्वासाने चिमणी विझली. "एकाच आडाचं पाणी पेतो ना आपुन," ती मटकन खाली बसत म्हणाली. मग काय, सारी आळी चिमणीपुढे येऊन गेली आणि रडत माघारी फिरली. राहता राहिला धर्मराजचा चुलतभाऊ कडूबा. भीतीने त्याचा श्वासच सुटेना, त्यामुळे चिमणी तेवत राहिली. सगळे त्याच्याकडे हेव्याने बघू लागले.

"भिऊ नका," कडूबा छाती काढून म्हणाला. "मी धडधाकट हाय. उद्या समद्यायला मीच नेतो."

सकाळी टेम्पोभर माणसं दवाखान्यात उतरली. डॉक्टर शरदचंद्रांनी सगळं ऐकून घेतलं आणि धर्मराजला विचारलं, "पोटासाठी काही घेता का?"

"खायचा सोडा. जळजळलं की चमचाभर. काल लई भेव वाटून राह्यलं व्हतं, मंग जास्तीच घेतला."

"तरीच पायात गोळे येतात. ही तपासणी नावाला वायूची. रक्तातलं आंबट-खारट बरोबर आहे का, ते तिच्यात कळतं. तुमच्या रक्तात सोड्याचा खार साठलाय. सोडा आजपासून बंद. जळजळीला मी औषध देतो. मग रक्त पुन्हा बघू."

"आन् त्यो वायू?"

"तो सगळ्यांच्याच अंगात असतो. श्वासातून बाहेर पडतो. बाहेर पडला नाही, तर मात्र माणूस मरतो."

आळीचा जीव भांड्यात पडला. साळूबाई तर दवाखान्यातच नवऱ्यावर डाफरायला लागली. तेवढ्यात माणसांना बाजूला सारत कडूबा टेबलापाशी आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"साहेब, ह्यांचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आधी मला तपासा."