बाबांची मोटरसायकल मी दुरुस्त केली (दोनदा)

भंगारवाल्याने मोटरसायकलभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "नेतो. पण उचलायला माणूस तुमचा लागेल."

मी म्हणालो, "द्यायची नाही. मी स्वतः दुरुस्त करणार आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही कळलेलं नाही. मी तक्रार निवारण विभागात कारकून आहे. लोक तक्रार करतात आणि 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं मी त्यांना लिहून कळवतो. एकवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून काहीही दुरुस्त झालेलं नाही. (घरातल्या गळक्या नळाबद्दल बायकोलाही मी हेच कळवलेलं आहे, फक्त तोंडी.) भंगारवाल्याने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि गाडीकडे पाहूनच हळहळला.

गाडी माझ्या सासऱ्यांची. बाबा म्हणजे मोटरसायकलींचे मेकॅनिक. चाळीस वर्षं त्यांनी गावाच्या गाड्या सुधारल्या आणि स्वतःची मात्र गॅरेजच्या कोपऱ्यात पोत्यांखाली झाकून ठेवली. सासूबाई गेल्या त्या दिवसापासून त्यांनी ती चालवली नव्हती, आणि त्याला अठरा वर्षं झाली होती. मग एका सकाळी गॅरेजचं शटर वर करता करता बाबाच खाली बसले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. गॅरेजची जागा भाड्याची होती, ती सोडावी लागली. आमच्या घरी तीन गोष्टी आल्या: भाड्याने आणलेला दवाखान्यातल्यासारखा लोखंडी पलंग, बाबा आणि ती गाडी.

वाचा गेली म्हणालो खरं, पण एक शब्द राहिला होता. "बरोबर." पाणी हवं का विचारलं की बरोबर, दुखतंय का विचारलं की बरोबर. मला मनातून बरं वाटायचं. लग्नाला सतरा वर्षं झाली, आणि तोवर बाबांनी मला उद्देशून हा शब्द एकदाही वापरला नव्हता.

आता खरं कारण सांगून टाकतो, तुमच्यापासून काय लपवायचं. रविवारी बाबांना अंघोळ घालायची असायची. बायको त्यांना कुशीवर वळवायची आणि मी पाय धरायचो. त्या पायाचं वजन, खोलीतला औषधांचा आणि लघवीचा वास, आणि वळवत असताना बाबा भिंतीकडे ज्या नजरेने बघायचे ती नजर मला झेपत नव्हती. गाडी मागच्या अंगणात होती. अंगणाला दार होतं, आणि ते बाहेरून ओढून घेता येत होतं. माझं मोटरसायकलप्रेम एवढंच.

बायकोने ते दोन मिनिटांत ओळखलं.

"दुरुस्त करणार? तुम्ही?"

"हो. दर रविवारी थोडी थोडी."

"छान. मग बाबांनाही घेऊन बसा. मेकॅनिक घरात असताना बाहेर कुणाला विचारायचं?" असं म्हणून तिने चाकांची खुर्ची ढकलत आणली आणि माझ्या शेजारी लावली. अंघोळही आता अंगणातल्या नळावरच घालू म्हणाली. म्हणजे मी पळून जाऊन नेमका तिथेच पोचलो होतो.

गाडीची अवस्था काय सांगू. सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदून गेल्या होत्या. टाकीला भोकं होती म्हणण्यापेक्षा भोकांच्या मधेमधे टाकी होती म्हणणं सोपं. इंजिन तर असं गच्च धरलं होतं की किक दाबली की अख्खी गाडीच वर उचलली जायची. आमचे पैसे औषधांत जात होते, तेव्हा नवीन काही घ्यायचं नाही असं ठरलं. टाकी झाळून घेतली. आरसा शेजाऱ्याच्या मोडक्या सायकलचा. सीट बायकोने जुन्या रेनकोटची शिवली. (ती शिवणकाम करते. घरात खऱ्या अर्थाने काही दुरुस्त होतं ते तिच्याच मशीनवर.)

आणि मार्गदर्शन बाबांचं.

"बाबा, हे इकडूनच आत जातं ना?"

"बरोबर."

"आणि हा बाण वरच्या बाजूला?"

"बरोबर!"

"मग घट्ट पिळतो."

"बरोबर! बरोबर! बरोबर!"

त्यांचा चेहरा लाल व्हायचा, डावा हात खुर्चीवर आपटायचा. मला वाटायचं, काय हा उत्साह! मी आणखी जोराने पिळायचो. चौथ्या महिन्यात गाडी जोडून झाली तेव्हा सहा नट आणि एक स्प्रिंग उरली.

"ही जास्तीची असेल, नाही का?"

"बरोबर," बाबा डोळे मिटून म्हणाले.

मी बायकोला बोलावलं, पाय किकवर ठेवला आणि सगळं वजन टाकलं. गाडीने एकदाच खाकरल्यासारखं केलं, आणि ती किक जेवढ्या जोराने खाली गेली त्याच्या दुप्पट जोराने वर आली. थेट माझ्या नडगीवर. त्याच वेळी टाकीखालचा नळ सैल झाला आणि पेट्रोल माझ्या पॅन्टवर सांडू लागलं. मी एका पायावर नाचत आईचा धावा करत होतो. तेवढ्यात मागून एक विचित्र आवाज आला.

बाबा हसत होते. अर्ध्या चेहऱ्यानेच, पण पोट धरून हसत होते. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

बायकोने आधी गाडीचा नळ बंद केला, मग माझ्याकडे वळली.

"बाबांना विचारत होतात ना सगळं?"

"प्रत्येक गोष्ट विचारली! प्रत्येक वेळी बरोबर म्हणाले!"

"आणि हात?"

"कसला हात?"

तिने कपाळाला हात लावला. "अहो, त्यांना दुसरा शब्दच येत नाही. त्यांना वाटतं आपण वेगळं बोलतोय, तोंडातून तेवढाच निघतो. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

(पहिल्या दिवशी मी खाली स्कूटर नीट लावायला गेलो होतो. स्कूटर लावायला मला पाऊण तास लागला होता.)

"डावा हात उघडा असला तर हो," ती म्हणाली, "मूठ वळली तर नाही. वर्ष झालं, ते हातानेच बोलतायत. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

नडगी ठणकत होती म्हणून मी खाली बसलो, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. पण बसलो ते दुसऱ्याच कारणाने. वर्षभर रोज संध्याकाळी "बाबा, बातम्या लावू?" विचारून मी त्यांच्यासमोर तासभर बातम्या लावत होतो. वर्षभर त्यांच्या चहात तीन चमचे साखर घालत होतो. वर्षभर रोज "आज बरं वाटतंय ना?" असं विचारत होतो, आणि उत्तर ऐकून समाधानाने ऑफिसला जात होतो. मी बाबांच्या हाताकडे बघितलं. मूठ इतकी घट्ट होती की नखं तळव्यात रुतली होती.

"बाबा," मी म्हणालो, "चहात साखर नको असते का?"

मूठ सावकाश उघडली.

दुसऱ्या दिवशी मी गाडी पुन्हा पूर्ण खोलली. ती तशी महिनाभरात जोडून झाली असती. पण बाबांना घाई चालत नव्हती. वस्तू पुढे धरायची, फिरवायची, मुठीकडे बघायचं, पुन्हा फिरवायची. एक नट तर एका रविवारी अकरा वेळा काढला. कधी ते नुसता अंगठा हलवायचे, म्हणजे अजून थोडं. करंगळी उचलली की पुसून घे. बोट माझ्याकडे रोखून मग डोक्याकडे नेलं, तर त्याचा अर्थ विचारायची गरज पडत नव्हती. नाहीतरी माझे हात घाण झालेलेच असायचे, तेव्हा त्यांची अंघोळ, कपडे हेही मीच करू लागलो. त्या पायाचं वजन तेवढंच होतं, पण कुठे धरायचा ते मला आता ठाऊक झालं होतं.

एकदाच भांडण झालं, रंगावरून. खिडकीच्या गजांना दिलेला हिरवा रंग उरला होता, तो मी त्यांना न विचारता टाकीला फासला. बाबांनी दोन दिवस माझ्याकडे पाठ करून घेतली. वळता येत नव्हतं, म्हणून बायकोकडून खुर्ची वळवून घेतली.

शेवटी ठिणगी पाडणारा प्लग तेवढा बसवायचा राहिला होता. त्या बुधवारी सकाळी बायको त्यांना चहा पाजत होती आणि चहा ओठांच्या कडेने परत बाहेर आला. दुसरा झटका. या वेळी शब्दही गेला.

दवाखान्यात ते नऊ दिवस होते. डॉक्टर आमच्याशी दाराजवळच बोलायचे आणि बोलताना घड्याळाकडे पाहायचे. त्यावरून जे कळायचं ते कळत होतं. दिवसा बायको बसायची, ऑफिस सुटल्यावर मी. सहाव्या दिवशी मी खिशातून प्लग काढला. त्याच्या टोकापाशी दोन तारांमध्ये नखाच्या जाडीएवढी फट ठेवायची असते. ती थोडी चुकली तरी गाडी उठत नाही. मी तो बाबांच्या डोळ्यांसमोर धरला.

"एवढी फट पुरे?"

बराच वेळ काही झालं नाही. मग बोटं आत वळली. नाही.

मी प्लग पलंगाच्या लोखंडी दांडीवर हलकेच ठोकला. "आता?"

नाही. पुन्हा ठोकला.

नर्स धावत आली. "काय ठोकताय? आणि चादरीवर हे काळं काय?"

"गाडीचा प्लग आहे," मी म्हणालो. "डॉक्टरांना विचारतोय."

"कुठल्या डॉक्टरांना?"

मी बाबांकडे बोट दाखवलं. ती काहीतरी बोलणार होती, पण बाबांचा हात पाहून थांबली. तो चादरीवर सावकाश, एकेक बोट करत, उघडत होता.

नवव्या दिवशी दुपारी ते गेले. मी तेव्हा ऑफिसात कुणाच्या तरी तक्रारीवर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल असं लिहीत होतो.

बायको रडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी दिलं, पलंग परत पाठवला, खोली धुतली, मशीनवर बसली. तीन आठवडे ती नुसती शिवत होती. मग एका रविवारी मी अंगणात जाऊन प्लग बसवला. फटीला हात लावला नाही. नडगी जपून पहिली किक मारली, दुसरी मारली. तिसऱ्या किकला गाडी उठली.

काय तो आवाज! खिडक्या थरथरल्या, अंगण धुराने भरलं, शेजारी भिंतीवरून काहीतरी ओरडू लागला आणि तो काय ओरडतोय हे कुणालाच ऐकू येईना. बायको दारात आली. हातात कात्री तशीच. तिने गाडीकडे पाहिलं आणि ती रडायला लागली. तोंड उघडून, मोठ्याने रडत असावी. मला फक्त दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मी गाडी बंद केली नाही. उलट आवाज थोडा वाढवला आणि तिचं पूर्ण होईपर्यंत पेट्रोल जाळत राहिलो.

मग तिने डोळे पुसले, जवळ आली आणि माझ्या कानात ओरडली, "चला, एक चक्कर मारून आणा मला!"

मी ऐटीत सीटवर बसलो. ती मागे बसली. बराच वेळ आम्ही तिथेच होतो.

"निघा ना!"

"निघतो," मी म्हणालो. "फक्त गिअर कसा टाकतात तेवढं सांग."

जन्मात मी बिनगिअरच्या स्कूटरशिवाय काही चालवलेलं नाही, हे सहा-सात महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही आठवलं नव्हतं. बायको खाली उतरली, मला मागे सरकायला सांगितलं, साडीचा पदर खोचला आणि हिरवी गाडी दारातून अशी बाहेर काढली की मी तिच्या खांद्यांना मिठीच मारली. बाबांनी तिला चौदाव्या वर्षी शिकवलं होतं म्हणे. (हेही मी कधी विचारलं नव्हतं.)

तिने गाडी सरळ जुन्या गॅरेजच्या रस्त्याला नेली. गॅरेजच्या जागी आता फर्निचरचं दुकान आहे, पण शेजारचा पंक्चरवाला तोच. आवाज ऐकून तो हातातली ट्यूब टाकून उठला. गाडीभोवती फिरला, इंजिनाला कान लावला, डोळे पुसले.

"पोरी, तू केलीस ना ही? बाबांचाच हात आहे हा."

"मी नाही हो, काका," बायको म्हणाली आणि तिने मागे, माझ्याकडे बोट दाखवलं.

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मान डोलावली आणि तिला हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे हा हिरवा रंग यांनी सांगितला होय. गिऱ्हाइकापुढे आपलं काय चालतं?"