पत्रूभाऊची भिंत

आमच्या पत्रूभाऊच्या घरी गेलात तर ते 'या' म्हणणार नाहीत आणि 'बसा'ही म्हणणार नाहीत. तुमचा पाय उंबऱ्याच्या आत पडायच्या आधी म्हणतील, "टेकू नका." घरात पाठ नसलेली चार स्टुलं आहेत. ती चारही भिंतींपासून दूर, खोलीच्या मधोमध मांडलेली. त्यावर ताठ बसायचं. चहा येतो, चांगला येतो. पण कप घेताना तुमचा खांदा जरासा मागे झुकला की पत्रूभाऊ कप हातात धरून तिथेच थांबतात. खांदा सरळ झाला की चहा पुढे येतो.

त्यांच्या पोरीच्या लग्नाची बोलणी मी डोळ्यांनी पाहिली आहेत. मुलाचा मामा म्हणजे भारदस्त माणूस, चंद्रपुराहून उन्हातानाचा आलेला. त्यानं आल्या आल्या "हुश्श" करून भिंतीला पाठ लावली. पत्रूभाऊ म्हणाले, "पाव्हणे, टेकू नका." मामाला वाटलं, भिंत ओली असेल. "ओली हाय का?" "नाई, सुकी हाय." "मंग काऊन?" "सुकी हाय म्हणूनच." झालं. अख्खी बोलणी सगळ्यांनी पाठीचा कणा सरळ ठेवून केली आणि कधी नव्हे ती पाऊण तासात आटोपली. जावईबापू अजूनही सासरी आले की कवायतीला आल्यासारखे बसतात.

घर म्हणाल तर काही राजवाडा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलपासून पाच-सहा किलोमीटरवर आमचं गाव, गावाच्या या टोकाला आमचा बौद्ध मोहल्ला, आणि त्यात हे तीन खोल्यांचं मातीचं घर. सागाचे खांब, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. बाकी सगळ्यांची घरं आता सिमेंटची झाली, माझ्याही घरावर टिनाचे पत्रे आले. पत्रूभाऊचा एकच जप: "घर म्हंजे रोजचं काम हाय, मास्तर." राइस मिलमधून रिटायर झाल्यापासून ते हे काम हजेरी लावल्यासारखं करतात. रविवारी प्रत्येक खांबाला कान लावून बोटानं ठोकतात, आत उदई, म्हणजे वाळवी, लागली की काय ते ऐकायला. उन्हाळ्यात कवेलू फेरतात, म्हणजे एकेक उतरवून, झाडून, फुटका बदलून पुन्हा बसवतात. आणि वांदरांशी त्यांचा तह आहे. हा तह माझ्या जिवावर झालाय. भोपळ्याच्या साली, सडकी केळी, सगळं ते माझ्या कुंपणात टाकतात, म्हणजे वांदरं माझ्याकडे येतात. मी एकदा भांडायला गेलो तर म्हणतात, "तुमचं टिनाचं हाय ना, तुमचं काय फुटते?" पहाटे चार वाजता टिनावर पंधरा वांदरं उतरली की काय फुटतं ते त्यांना ठाऊक नाही.

पण खरी गोष्ट आतल्या खोलीतल्या भिंतीची. छप्पन साली मोहल्ल्यातली मंडळी दीक्षा घेऊन गावी परतली, त्यानंतर पत्रूभाऊच्या वडिलांनी या घरात मोठ्या माणसांची शाळा काढली. दिवसभर धानाच्या बांधीत राबलेली माणसं दिवेलागणीला इथं येऊन अक्षरं शिकायची. पाट्या नव्हत्या. मग त्यांनी एक रीत घातली. ज्याला स्वतःचं नाव लिहिता येईल, त्याच्यासाठी भिंतीवर वीतभर ओली माती लावायची आणि त्यानं खिळ्यानं त्यात नाव कोरायचं. अशी चाळीसेक नावं त्या भिंतीवर आहेत. त्यात माझे आजोबा आहेत, गोविंदा. शेवटचा काना घसरत खाली गेलाय. हात कापत असणार. मी मास्तर झालो तो त्या घसरलेल्या कान्यामुळे, असं माझा बाप सांगायचा, आणि मला ते पटतं.

ती भिंत पत्रूभाऊ कोणाला सारवू देत नाहीत. रोज सकाळी कोंबडीच्या पिसानं एकेक नाव झाडतात. बायको गेल्यापासून बाकीचं घरही ते स्वतःच सारवतात, आणि खरं सांगू का, वाईट सारवतात. पण मदतीला जायचीही सोय नाही. दहा सूचना ऐकायच्या, मग माती कालवायची. बायांनी जाणं सोडलं. लोक म्हणतात, म्हातारा घरापायी येडा झाला.

तर मागच्या फागुनात त्यांचा मोतीबिंदू पिकला. दोन वर्षं टाळत होते, कारण घराकडे कोण पाहील? शेवटी चंद्रपुरातली पोरगी, मंगला, येऊन त्यांना ओढत घेऊन गेली. जाताना चावी माझ्याकडे आणि सोबत दीड तास सूचना. "वांदर पाह्यजा. उदई पाह्यजा. भीत मी धोतरानं झाकली हाय, धूळ नोको. आन मास्तर, मी नाई म्हणून तुमी टेकू नका."

चौथ्या दिवशी ते परत येणार होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या घाईत, गाडीला किक मारतोय, तेवढ्यात माझी बायको कल्पना म्हणाली, "चावी द्या जी. भाऊ दवाखान्यातून येऊन राह्यले, घर सारवून ठेवतो आमी." आमच्याकडे ही पद्धतच आहे. माणूस दवाखान्यातून यायचा असेल तर घर हसतं दिसलं पाहिजे. मी चावी दिली. आता देताना एक शब्द बोलायला काय जात होतं? पण नाही. मास्तर शाळेत चाळीस पोरांना तेच तेच सांगतो, घरी एकदा सांगायचं ते विसरतो.

पाच जणी गेल्या. कल्पना मागच्या अंगणात माती आणि धानाचा कोंडा पायानं तुडवत होती, शेजारची जाणती शेवंताकाकू आणि आणखी एक जण ओसरीला लागल्या होत्या. आत पाठवल्या मोहल्ल्यातल्या दोन नव्या सुना, अश्विनी आणि प्रणाली, ज्यांनी या घराचा उंबरा कधी ओलांडलाच नव्हता. धोतर मळलेलं दिसलं म्हणून धुवायला काढलं. त्यामागची भिंत पाहिली तर खरबरीत, भेगाळलेली. पोरींना गलबलून आलं. बिचाऱ्या आबाजीचा हात पोचत नसेल! मग त्यांनी तीच भिंत सगळ्यात आधी आणि सगळ्यात मन लावून सारवली.

मी चार वाजता पोचलो, तर भिंत आरशासारखी गुळगुळीत. एक नाव दिसेना. कल्पना मागून आली आणि कपाळाला हात लावून मटकन खाली बसली. मी बादली उचलली, म्हटलं आत्ताच धुऊन काढतो. शेवंताकाकूनं बादली हिसकली. "ओलं काढशील तं खालचंही संग येईल. थांब जरा." मग ती सुनांकडे वळली. "पोरींनो, भितीवर आधी पाणी शिंपडलं होतं का?"

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. अश्विनी हळूच म्हणाली, "नाई काकू. राह्यलं."

एरवी या उत्तरावर शेवंताकाकूनं दोघींच्या माहेरचा उद्धार केला असता. त्या दिवशी तिनं डोळे मिटले. "लय बरं झालं, माय," ती म्हणाली. मग मला समजावून सांगितलं. जुनी भिंत आधी भिजवली तरच नवी माती तिला धरते. कोरड्यावर लावली तर वाळल्यावर पापड सुटतात. "धरलं नसंल तं नावं वाचली. उद्या कळंल. आता कोणी बोट लावू नका."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ऑटो आला. मंगलाचा हात धरून पत्रूभाऊ उतरले, डोळ्यांवर काळा चष्मा, एका डोळ्याला पट्टी. आम्ही सहाही जण अंगणात गुन्हेगारासारखे उभे. ते दारातच थांबले, वास घेतला. "सारवलं का?"

मी सगळं सांगून टाकलं. चावी मी दिली, सांगायचं मी विसरलो, पोरींचा दोष नाही. ते चाचपडत आत गेले, भिंतीवर तळवा ठेवला. मग खांब तपासतात तसा कान लावला आणि बोटानं ठोकलं. त्यांनी जरा सरकून पुन्हा ठोकलं.

"पोकळ वाजून राह्यलं. धरलं नाई," ते म्हणाले आणि त्यांचे ताठलेले खांदे सैल पडले. "मंगला, पीस आण."

नखानं कड उचलली तशी पोळीएवढी खपली सुटून त्यांच्या ओंजळीत आली. मागे दोन नावं होती, जशीच्या तशी. मग तासभर आम्ही सगळे लागलो. खपली सुटायची आणि शेवंताकाकू नाव मोठ्यानं वाचायची. कोणाचा सासरा निघाला, कोणाचा आजा. आमचा गोविंदा खिडकीखालून निघाला, घसरलेल्या कान्यासकट. मी तोंड फिरवून डोळे पुसले. अश्विनी तर हुंदके देऊनच रडली, आणि मग आम्ही सगळे उगाच हसत सुटलो.

मी टोपलंभर खपल्या उचलल्या, म्हटलं शेतात टाकून येतो. पत्रूभाऊ म्हणाले, "राहू द्या." त्यांनी एक खपली मांडीवर घेतली. वर सारवताना उमटलेले बोटांचे अर्धगोल होते, त्यावरून अंगठा फिरवू लागले. "हे उलट्या हातानं हाय. डावखुरी कोण?"

"मी, आबाजी," अश्विनी म्हणाली.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. ओसरी कोणी केली? माती कोणी तुडवली? चहा कोणत्या गंजात उकळला? साखर सापडली का? तुडवता तुडवता गाणं म्हटलं का? कल्पना म्हणाली, म्हटलं. कोणतं म्हटलं, ते विचारलं. प्रणालीचा पाय घसरून ती मातीत बसली होती, ते त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मंगलाला हसू आलं. "बाबा, भीत वाचली ना आता? मंग इतकी चौकशी काऊन करून राह्यले?"

पत्रूभाऊंनी चष्म्याखालून पट्टी सारखी केली.

"अवो, माह्या घरी पाच बाया आल्या, चहा पेल्या, गाणं म्हटलं. तुही माय गेल्यापासून या घरात कोणी गाणं म्हटलं नाई. आन नेमका त्याच दिवशी मी घरी नव्हतो."