वर्गाबाहेर कुणी काढलं?

"मीच तो!" असं म्हणत ड्रॉइंगचे सर खुर्चीतून एवढ्या जोरात उठले, की सूनबाईंच्या हातातला मोबाइल पडता पडता राहिला.

मोबाइलवर अंतराळयानं बनवणाऱ्या एका बड्या उद्योजकाची मुलाखत चालू होती. 'इंजिनिअरिंग कॉलेजने तुम्हाला काय दिलं?' या प्रश्नावर तो हसून म्हणाला होता, "वर्गात फारसं काही नाही. पण एका सरांनी मला बाहेर काढलं. व्हरांड्यात उभा राहून घारी बघितल्या. पंख न हलवता घार वर चढते कशी, हा किडा तिथेच डोक्यात शिरला. आज जो काही आहे, तो त्या सरांमुळे."

"पण ते सर तुम्हीच कशावरून, बाबा?" सुनेने विचारलं.

"अगं, तो आमच्याच कॉलेजचा! आणि माझ्याइतकी पोरं बाहेर काढली कुणी? टी-स्क्वेअर विसरला, बाहेर. पेन्सिलीला टोक नाही, बाहेर. जांभई दिली, तर ती संपायच्या आत बाहेर!"

सरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. हल्ली पोरांची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर व्हायची. सरांचा बोर्ड माळ्यावर पडून होता. आपला जन्म नुसता रेघा मारण्यात गेला, असं त्यांना अलीकडे फार वाटायचं. त्या दुपारी मात्र त्यांनी निवृत्त प्राध्यापकांच्या ग्रुपवर ही बातमी ठोकून दिली. ज्यांनी त्या मुलाला जीव तोडून शिकवलं होतं, ते सगळे गप्प बसले. वर्कशॉपचे मास्तर तेवढे पेटले आणि तडक घरीच आले.

"सर, घारी माझ्या वर्कशॉपच्या व्हरांड्यातून दिसायच्या. तुमच्याकडून दिसायचा सायकल स्टँड. पोरगा मी काढलाय."

"का? सायकल स्टँडवर आभाळ नव्हतं?"

भांडण प्राचार्यांपर्यंत गेलं. प्राचार्य धोरणी. त्यांनी दोघांचाही सत्कार ठरवला, त्या उद्योजकाला पडद्यावरून बोलायला राजी केलं आणि 'बाहेर काढणारे गुरुवर्य' असा भला मोठा बॅनरही लावला.

सभागृह गच्च भरलं. पडद्यावर चेहरा उमटला, तसे दोघे खुर्चीच्या अगदी कडेला सरकले.

"आता तुम्हीच सांगा," प्राचार्य म्हणाले, "यांच्यापैकी कुणी काढलं?"

तो गोंधळला. "मला फिजिक्सच्या सरांनी काढलं होतं."

"त्याने?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. "अहो, तो हजेरीसुद्धा माफी मागितल्यासारखी घ्यायचा!"

"हो, तेच सर! मी शेजारच्याला हसवत होतो. सर म्हणाले, 'तुम्ही जरा बाहेर थांबता का?' मी गेलो. थोड्या वेळाने बघतो तर सरही बाहेर. म्हणाले, 'एकट्याला कंटाळा आला असेल ना?' मग तास संपेपर्यंत आम्ही दोघं घारी बघत होतो. आत वर्ग वाट बघत बसला होता." तो हसला. "सर आलेत का आज?"

ड्रॉइंगचे सर उठले. "दोन वर्षं झाली त्याला जाऊन."

"अरे... आणि आपण, सर?"

सरांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "आम्ही दोघं त्याचे मित्र. डबा एकत्र खायचो."

सत्काराचे गुच्छ घेऊन दोघे तसेच निघाले ते फिजिक्सच्या सरांच्या घरी. वाटेत कुणी कुणाशी भांडलं नाही.

सगळं ऐकून वहिनी आधी बघतच राहिल्या. "यांनी? वर्गाबाहेर काढलं? काहीतरीच! घरात मांजर शिरलं, तर हे दार उघडून उभे राहायचे, त्याची जायची इच्छा होईपर्यंत."

"अगदी तसंच काढलं, वहिनी," सर म्हणाले.

वहिनी हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "पुन्हा सांगा बघू. अगदी पहिल्यापासून."

मास्तरांनी सुरुवात केली. "तर तो त्या पोराला म्हणाला, तुम्ही बाहेर थांबता का?"

"छे!" वहिनींनी त्यांना तिथेच अडवलं. "'जरा' म्हणाले असतील. 'जरा' म्हटल्याशिवाय यांनी मला कधी पाणीसुद्धा मागितलं नाही."