तेल गोठलं का?

आमच्याकडे एसी बसला त्या संध्याकाळी पहिला पाहुणा आला, तो पेढे मागायला नव्हे. त्याच्या हातात स्टीलची वाटी होती आणि वाटीच्या तळाशी चमचाभर खोबरेल तेल. "लाव बघू," म्हणाला. मी एसी लावला. पाहुण्याने बेडरूममध्ये स्टूल ओढलं, हवेच्या झोतात वाटी ठेवली, आम्हा नवरा-बायकोला आमच्याच खोलीतून बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. "आता चहा ठेव. चहा आणि गप्पा होईस्तोवर तेल गोठलं तर मशीन पास. नाही गोठलं तर दुकानदाराच्या माथी मार."

हे सावंतकाका. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत आमच्या समोरच्या दारात राहतात. मूळचे कुडाळकडचे. मरोळच्या एका कारखान्यात प्रेशर कुकर तपासून पास-नापास करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर कुकर थांबले, पण तपासायची खोड थांबली नाही. त्याच सुमारास आमच्या इमारतीत घरोघरी एसी यायला लागले आणि काकांना रान मोकळं मिळालं.

तेलाची परीक्षा त्यांच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेली. रिमोटवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं, कारण तो आकडा आपणच टाकलेला असतो. तेलाला कोणी पढवलेलं नसतं. माझा नवरा सुधीर एकदा वाद घालायला गेला. म्हणाला, काका, त्यापेक्षा साधा थर्मामीटर लावा की. "आणि तो थर्मामीटर कोणी तपासला?" काकांनी विचारलं. सुधीरने बिस्किट चहात बुडवलं.

इमारतीत कुणाचाही एसी रुसला की मेकॅनिकच्या आधी काका हजर. बोलवावं लागत नाही. जिन्यात कुणी "काय उकडतंय" म्हटलं तरी पुरतं. आले की मशीनकडे बघतसुद्धा नाहीत, आधी माणसाला समोर बसवतात. "घाई नको. लक्षणं सांग." मग जबानी सुरू होते. वारा येतो पण गार येत नाही, की वाराच येत नाही? पाणी टपकतं का? बाहेरचं मशीन घुरघुरतं का? आधी गार होऊन मग कोमट होतं, की पहिल्यापासून कोमट? जाळी शेवटची कधी धुतली? या शेवटच्या प्रश्नाला आमच्या इमारतीत आजवर कुणी खरं उत्तर दिलेलं नाही. काका उत्तर ऐकतात, मग जाळी काढतात, उजेडात धरतात आणि एक अक्षर न बोलता ती तुमच्या हातात देतात. त्यापेक्षा चार शब्द बोललेले परवडले.

आमच्या एसीने एका एप्रिलमध्ये असाच दगा दिला. काका आले, लक्षणं झाली, जाळी झाली, वाटी ठेवून झाली. तेल आपलं जसंच्या तसं, पातळ. मग त्यांनी रिमोट चष्म्याजवळ नेला आणि सुधीरला हाक मारली. "हे पंख्याचं चित्र कोणी लावलं?" सुधीरने वीज वाचवायला म्हणून कुठलंसं बटण दाबलं होतं आणि आमचा एसी गेला आठवडाभर नुसता पंखा होऊन बसला होता. काकांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. फक्त त्यानंतर सुधीर लिफ्टमध्ये भेटला की ते म्हणायचे, "काय, वारा कसा आहे?"

मेकॅनिक लोकांशी त्यांचं जुनं वैर. त्याचं कारण एकच, गॅस. मेकॅनिक आला, त्याने भिंतीवरच्या डब्याकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "गॅस खतम है," की काकांचं डोकं फिरतं. "खतम है तो किधर गया? अरे, बंद नळीतला गॅस. तो काय तुझा सिलिंडर आहे रोज जळायला?" आणि राग चढला की काका मालवणीत शिरतात. "गॅस गेलो म्हणता. गेलो म्हणजे खंय गेलो? गावाक गेलो?" त्यांचं म्हणणं खोटं नाही, नळी फुटल्याशिवाय गॅस जात नाही. पण म्हणून तो कधीच जात नाही, असं नाही ना. पहिल्या मजल्यावरच्या शहाभाभींना त्यांनी गॅस शाबूत असल्याची ग्वाही दिली आणि बिचारीने तीन दिवस वाफेत काढले. शेवटी भाभींनी काका बाजारात गेलेत असं बघून मेकॅनिकला बोलावलं. नळीला खरंच भोक होतं. काकांना ते कळायचं तेव्हा कळलंच. म्हणाले, "गळला. संपला नाही. फरक आहे." तेव्हापासून मेकॅनिक आमच्या इमारतीत यायच्या आधी फोन करून विचारतो, "अंकल घर पे हैं क्या?"

दुसऱ्या मजल्यावर जोशांकडे मात्र त्यांनी कमाल केली होती. सगळं ठीक असून खोली गार होत नव्हती. काकांनी एक उदबत्ती पेटवली आणि तिचा धूर बघत खोलीभर फिरले. धूर सरळ पडद्याकडे गेला. पडद्यामागे खिडकी बोटभर उघडी. जोशांच्या आईला बंद खोलीत जीव घुसमटल्यासारखा होतो, म्हणून ती मुलाच्या नकळत खिडकी किलकिली करून ठेवायची. काकांनी म्हातारीकडे बघितलं, पडदा पुन्हा सारखा केला आणि जोशांना सांगितलं, "खोलीच्या मानाने मशीन लहान आहे. चालवून घे." हे मला नंतर त्या म्हातारीनेच सांगितलं.

तर असा हा एसीचा डॉक्टर, आणि त्याचा स्वतःचा एसी थंड करत नव्हता. दोन उन्हाळे. काका बनियनवर, मानेवर ओला पंचा टाकून गॅलरीत बसलेले असायचे. मला काही पोटात ठेवता येत नाही. मी विचारायची, "काका, तुमच्या पेशंटचं काय?" त्यावर ठरलेलं उत्तर, "निरीक्षणाखाली आहे." कुणाला खोलीत येऊ देत नसत. मी मनात म्हणायची, सुईणीचंच बाळंतपण अडलंय.

काकू असत्या तर हे चाललं नसतं. सुमनकाकू दोन पावसाळ्यांपूर्वी गेल्या, ध्यानीमनी नसताना, दोन दिवसांच्या तापाने. त्या होत्या तोवर त्या घरात उघडी वस्तू सापडणं कठीण होतं. काकूंचं शिवणयंत्र आणि त्यांना प्रत्येक गोष्टीला कव्हर शिवायचा सोस. मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, रिमोटला कव्हर, गॅसच्या सिलिंडरला झालरीचं कव्हर. काका म्हणायचे, "मी फार वेळ एका जागी बसत नाही. ही मलापण शिवून ठेवेल."

ज्या वर्षी त्या गेल्या, त्याच वर्षी पावसाच्या तोंडावर काकू माझ्याकडे आल्या होत्या. आमच्या पडद्यांचं उरलेलं कापड हवं होतं, सूर्यफुलांचं. मी विचारलं, आता काय राहिलं शिवायचं? म्हणाल्या, "एसीचा भायरचा मशीन गो. आतलो मजेत आसा. तो बिचारो भायर रवता, पावसात भिजता." मी हसले आणि कापड दिलं. पुढे ते सगळं डोक्यातून गेलं.

या वर्षी एप्रिलच्या शेवटी मानसीचा फोन आला. मानसी म्हणजे काकांची एकुलती मुलगी, नाशिकला दिलेली. तिला मुलगी झाली तेव्हा आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच झालं. बाळ आता तीन महिन्यांचं होतं आणि मानसीला मे महिन्यात पंधरा दिवस माहेरी यायचं होतं. सासूबाईंनी एकच विचारलं, तिकडच्या उकाड्यात एवढंसं लेकरू न्यायचं, तर एसी आहे ना? मानसीने बाबांना विचारलं. दुसरा कुणी असता तर "आहे" म्हणून मोकळा झाला असता, आणि खोटंही ठरलं नसतं. पण नोकरीभर नापास मालावर शिक्का मारलेला माणूस. म्हणाले, "आहे, पण गार करत नाही."

"नीताताई, तू बघ ना गं," मानसी म्हणाली. "मी मेकॅनिक पाठवते म्हटलं तर बाबा फोन ठेवतात. त्यांना मी यायलाच नकोय का, ते तरी विचार. आई गेल्यापासून मी त्या घरात राहिलेच नाहीये यार." आणि ती रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसाशी फोनवर काय बोलावं ते कळत नाही. मी "बघते" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघायलाच गेले. जाताना आमच्या घरातली वाटी घेतली, तळाशी चमचाभर तेल घालून.

काकांनी दार उघडलं, वाटीकडे बघितलं आणि दार अडवून उभे राहिले.

"निरीक्षणाखाली आहे," ते म्हणाले.

"मी निरीक्षणच करायला आलेय. सरका."

मी आत गेले, स्टूल ओढलं, वाटी ठेवली, एसी लावला आणि काकांना पलंगावर समोर बसवलं. "घाई नको. लक्षणं सांगा."

त्यांना हसू आलं नाही. पण सवय मोठी वाईट, सांगायला लागले. सुरुवातीला गार येतं. थोड्या वेळाने कोमट. मग बाहेरचं मशीन खट् करून बंद पडतं. जाळी स्वच्छ. पाणी नाही. गॅस शाबूत. त्यांचं सांगून होईपर्यंत बाहेर खरंच खट् झालं.

"मग निदान काय?"

काका खिडकीकडे बघत राहिले. मीही बघितलं. खिडकीच्या ग्रिलमध्ये बाहेरचं मशीन बसवलेलं होतं आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत कव्हर होतं. ऊन खाऊन विटलेलं, कबुतरांनी घाण केलेलं, तरी सूर्यफुलं ओळखू येत होती. काकूंनी चारी बाजूंनी नीट माप घेऊन शिवलं होतं. खाली नाडी ओवली होती आणि नाडीची पक्की गाठ मारली होती. आतली गरम हवा बाहेर जायला कुठेही जागा ठेवली नव्हती. बाहेरचं मशीन का गुदमरतंय ते सांगायला मेकॅनिकची गरज नव्हती.

"काका, हे तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्याच उन्हाळ्यात कळला माका."

"मग काढलं का नाही? पावसानंतर काढायचं असतं ना ते."

"गाठ तिची आसा," काका म्हणाले.

मग ते आपणहून बोलायला लागले, माझ्याकडे न बघता. "तिच्या हातच्या घड्या सगळ्या मोडल्या गो मी. चादरी वापरायला काढल्या. साड्या वाटल्या. डब्यांची झाकणं तिने लावलेली, ती उघडली, नाहीतर खाणार काय? ही एक गाठ रवली. कव्हर कोणीपण शिवेल. गाठ सोडली म्हणजे संपला."

मला फार वाईट वाटलं. आणि फार वाईट वाटलं की माझी जीभ जास्तच सरळ चालते. मी म्हटलं, "मानसी विचारत होती, बाबांना मी यायलाच नकोय का."

काका उठले. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढतात. ते शिवणयंत्रापाशी गेले, खण उघडला आणि काकूंची उसवणी घेऊन आले. खिडकी उघडून ग्रिलमध्ये हात घातला आणि कव्हरची बाजूची शिवण उसवायला लागले. एकेक टाका, चष्मा नाकावर ओढून, कुकरच्या झाकणाची रिंग तपासत असतील तसे. मी कात्री देऊ केली तर नको म्हणाले. टाका उसवला तर परत घालता येतो, कापड कापलं तर नाही. मी आपली कबुतरांना हाकलत उभी राहिले.

शिवण वरपासून खालपर्यंत सुटली. मग आम्ही दोघांनी मिळून नाडी मशीनच्या खालून सरकवत सरकवत कव्हर बाहेर काढलं. गाठ जशीच्या तशी होती. काकांनी ती मुठीत धरली आणि कव्हर स्वतः बाथरूममध्ये नेऊन बादलीत भिजत घातलं. आले ते ओल्या हातांनी.

"आता लाव," म्हणाले.

मी एसी लावला आणि चहा ठेवायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. चहा झाला. गप्पा काही झाल्या नाहीत. बाहेर खट् झालं नाही. बऱ्याच वेळाने काकांनी मला आत पाठवलं, स्वतः दाराबाहेरच थांबले.

"बघ गो. तेल गोठलं का?"

मी वाटी उलटी करून दाखवली. तेल पडलं नाही. काकांनी मान हलवली आणि लगेच मानसीला फोन लावला. फोनवर एवढंच म्हणाले, "पास झालं. ये तू."

मानसी आली. एके दिवशी सकाळी मी बाळाला बघायला गेले तेव्हा खोली छान गार होती आणि मानसी वैतागली होती. बाळाची अंघोळ उरकलेली, टाळू भरायची, आणि तेलाची वाटी कुणीतरी पुन्हा एसीखाली नेऊन ठेवलेली. तेल पांढरंफेक, दगड. "बाबा, किती वेळा तपासणार आता? थांबा, मी गॅसवर गरम करून आणते."

"थांब. गॅस नको," काका म्हणाले. त्यांनी नखाने तेलाची ढलपी काढली, दोन्ही तळव्यांमध्ये धरली आणि चोळत बसले. चांगलं पातळ होईपर्यंत चोळलं. मग बोट बुडवून बाळाच्या टाळूवर हलकेच टेकवलं आणि लगेच उचललं, पुन्हा टेकवलं. टाळू भरायचं काम आजीचं. काकांना ते कुणी शिकवलेलं नव्हतं. बाळ टुकूटुकू बघत होतं. शिवणयंत्राजवळच्या खिळ्याला धुतलेलं कव्हर टांगलेलं होतं, उसवलेली बाजू भिंतीकडे करून. नाडीची गाठ तशीच होती.

"बरोबर करतोय काय गो मी?" काकांनी विचारलं. मानसीने त्यांच्याकडे बघितलं, मी मानसीकडे. पण काका आमच्यापैकी कुणालाच विचारत नव्हते. त्यांची नजर खिळ्यावरच्या सूर्यफुलांकडे होती.

मी उठले आणि हळूच बाहेर आले. येताना दार नीट ओढून घेतलं, आतला गारवा जाऊ नये म्हणून.