एका किकची गाडी

मला खरं तर फक्त आईला बोलतं करायचं होतं. मोटरसायकल मधे आली ती बायकोमुळे.

बाबा हृदयविकाराने जाऊन पाच महिने झाले होते आणि तेव्हापासून आईचं बोलणं 'हं', 'नको' आणि 'बघू' या तीन शब्दांवर आलं होतं. वाढू का? हं. आणखी थोडं? नको. चार दिवस मावशीकडे जाऊन येतेस? बघू. पूर्वी हीच बाई माझ्या एका चुकीवर अर्धा तास बोलू शकायची. (चुका मी अजूनही नेमाने करत होतो. तिचं लक्षच नव्हतं.) घर फार गप्प झालं होतं.

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, बाबांची गाडी रोज सुरू करत जा ना. तुम्ही बसने जाता ते तसं बरंच आहे, पण तो आवाज कानावर पडला तर आईंना जरा बरं वाटेल."

"त्यात काय मोठंसं!" मी म्हटलं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक फजित्या याच वाक्याने सुरू होतात.

आमच्या गल्लीत बाबांना 'एक-किक' म्हणायचे. तेही तोंडावर. हिवाळ्यात आठ वाजता सगळी गल्ली आपापल्या गाड्यांशी कुस्ती खेळत असायची. तेवढ्यात बाबा बाहेर यायचे, इंजिनावरची जुनी रजई काढायचे, मफलर खांद्यावर टाकायचे आणि एकच किक मारायचे. गाडी चालू! समोरचा शिंपी दुकान उघडता उघडता थांबून म्हणायचा, "व्वा, एक-किक!" कोण कोण बघतंय हे बाबा अजिबात न बघितल्यासारखं करून नीट बघून घ्यायचे. पस्तीस वर्षांची जुनी गाडी, पण त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही तिने.

पहिल्या दिवशी मी एक्केचाळीस किका मारल्या. बेचाळिसावी उलटी बसली आणि माझ्या नडगीवर आली.

"चोक ओढलास का?" शिंप्याने विचारलं.

"ओढला."

"मग आत ढकल."

"आता ढकलला."

"मग ओढायला नको होतास." इति शेजारचे दंतवैद्य. "प्लग काढ. मुळापासून उपटल्याशिवाय दुखणं कळत नाही."

दुसऱ्या दिवशी मी प्लग काढला आणि कुणीतरी सांगितलं म्हणून तो तापवायला स्वयंपाकघरात नेला. बायको दूध तापवत होती. पक्कड घसरली.

"अहो, दुधात काय पडलं?"

"प्लग."

"कसला प्लग?"

"बाबांच्या गाडीचा. हलव जरा, खाली लागेल." (हे मी का बोललो ते मला आजही सांगता येणार नाही.)

या सगळ्या गोंधळात माझं लक्ष खिडकीकडे होतं. पहिल्या दिवशी आई खिडकीत आली, थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने खिडकी लावून घेतली. तिसऱ्या दिवशी मी तिसावी किक मारत असताना बायको धावत बाहेर आली. "अहो, थांबवा आधी! आई कानांवर हात ठेवून बसल्या आहेत. रडताहेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाप एका किकेत जे करायचा ते मुलाला शंभरात जमत नाही, हे त्या माउलीने किती दिवस ऐकायचं? मी दारात उभं राहून मोठ्याने म्हणालो, "विकून टाकतो उद्याच. नकोच ती गाडी घरात." आतून 'हं' आलं नाही, 'नको' आलं नाही, 'बघू'सुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला कुणीतरी माझं पांघरूण ओढलं. बघतो तो आई. अंगात बाबांचं स्वेटर, गळ्यात बाबांचा मफलर, पायात कॅनव्हासचे बूट.

"ऊठ," ती म्हणाली. "गल्ली जागी व्हायच्या आत निघायचंय."

पाच महिन्यांत एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच ऐकलं होतं, म्हणून मी काही न विचारता उठलो. (आईबाबा हिवाळाभर पहाटे फिरायला जायचे, एवढं मला माहीत होतं. ते कुठे जायचे हे माहीत नव्हतं. मी साडेसातपर्यंत झोपतो, त्यामुळे घरातल्या बऱ्याच गोष्टी मला उशिरा कळतात.) आम्ही गाडी मागच्या बोळातून ढकलत शाळेमागच्या सरळ रस्त्यावर आणली. धुकं होतं, चिटपाखरू नव्हतं. मी गाडीवर टांग टाकली.

"उतर," आई म्हणाली.

"अगं, मग चालू कोण करणार?"

"मी. तू मागून ढकल."

आणि माझी सदुसष्ट वर्षांची आई साडी खोचून गाडीवर बसली, क्लच दाबला आणि सेकंड गिअर टाकला. मी मुकाट्याने मागे गेलो.

मी ढकलू लागलो. विजेचा एक खांब गेला, दुसरा गेला, गाडी नुसतीच पळत होती.

"अगं, क्लच सोड ना!" मी ओरडलो.

आईने सोडला. गाडी खोकली, गचका बसला आणि इंजिन धडधडायला लागलं. ब्रेक लावून ती तशीच पाठमोरी बसून राहिली. "तेही असंच ओरडायचे," ती म्हणाली. "सोड! की मी सोडायचे."

मग तिने सगळं सांगितलं. थंडीत ती गाडी बाबांना कधी एका किकेत काय, शंभरातही सुरू झाली नव्हती. तीस वर्षं दोघं पहाटे इथे येत होते. बाबा ढकलायचे, वजनाने हलकी म्हणून आई वर बसायची. मग एक चक्कर मारून, इंजिन गरम करून, रजईत गुंडाळून ठेवायचे. आठ वाजता गल्लीला दिसायची ती फक्त शेवटची किक.

"डॉक्टरांनी त्यांना जड काम बंद सांगितलं होतं," आई म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात मला मागून त्यांची धाप ऐकू यायची. मी म्हणायचे, अहो, बसने जा. तर म्हणायचे, गल्ली काय म्हणेल? आणि मी आपली बसून राहायचे, वर, महाराणीसारखी. मी एकदा जरी उतरले असते ना, तर..."

तीन दिवस माझ्या किका ऐकताना तिला काय ऐकू येत होतं ते मला तेव्हा कळलं. शहाण्या मुलासारखं काहीतरी बोलावं, तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं. पण मी गुडघ्यांवर हात टेकून वाकलो होतो आणि तोंडातून शिट्टीसारखा आवाज निघत होता.

आईने वळून बघितलं. "काय रे? काय होतंय तुला?"

"काही... नाही..."

"छातीत दुखतंय?"

"नाही गं... मागच्या महिन्यात... तपासलं... ठणठणीत..."

"मग ही धाप कसली?"

"ही... गाडीची... आहे... फार जड... आहे गं..."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बेचाळिसाव्या वर्षी?" ती म्हणाली. "अरे, ते तुझ्या निम्म्यानेसुद्धा धापा टाकत नव्हते!" आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली, मग मफलरने डोळे पुसले आणि म्हणाली, "बस मागे."

आठ वाजता सगळ्या गल्लीसमोर मी रजई काढली आणि एक किक मारली. गाडी चालू! "रक्तातच आहे!" शिंपी ओरडला. आई खिडकीत उभी होती.

नंतर मी गाडी एका मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, एक बारीकसा भाग बदलला की बर्फातही एका किकेत सुरू होईल. मी घरी येऊन आईला सांगितलं. "काही नको," ती म्हणाली, आणि त्यावर अर्धा तास बोलली. तेव्हा तो भाग राहिला. आम्ही रोज पहाटे जातो.

परवा मात्र तिने क्लच दाबून ठेवत मागे बघितलं. "तुझी धाप कमी झाली की काय रे?" आवाज काळजीचा होता. मी घाबरलो; माझी धाप कमी झाली तर तिला बाबांची पुन्हा मोठी वाटायला लागेल. तिला बरं वाटावं म्हणून उद्यापासून थोड्या खोट्या धापा टाकायच्या, असं मी मनाशी पक्कं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खांबापर्यंत पोचलो आणि लक्षात आलं की नाटकाची काहीच गरज नाही.