वैजयंती गुर्जरचे थकलेले हप्ते

लग्नात मृदुला खांबेटेचं नाव बदललं, तेव्हा तिचं जुनं नाव माहेरी चिपळूणला राहिलं, आणि सव्वीस वर्षांनी त्या नावानं स्कूटरचं कर्ज थकवलं.

जुनं नाव मागे राहिलं यात नवल काही नाही. नाव बदललेल्या बायकांची जुनी नावं माहेरीच राहतात. कुणाची माळ्यावर असतात, कुणाची मागच्या खोलीत. ती कुणाच्या अध्यात नसतात की मध्यात नसतात. वाढदिवसाला कुणी चुकून हाक मारली तर ओ देतात, एवढंच. पण कर्ज काढण्यापर्यंत सहसा त्यांची मजल जात नाही. म्हणून मिरजेतल्या बँकेच्या बाईंनी क्रेडिट रिपोर्ट फिरवून मृदुलासमोर ठेवला, तेव्हा ती गडबडली.

"तुमचं गृहकर्ज अडलंय," बाई म्हणाल्या. "इथे वसुली एजन्सीची नोंद आहे. वैजयंती बाळकृष्ण गुर्जर. या कोण?"

"मीच," मृदुला म्हणाली. "म्हणजे, होते."

"मग आधी ते निस्तरून या."

आता घर म्हणजे काही राजवाडा नव्हे. दोन खोल्या, तिसरा मजला आणि एक गॅलरी. गॅलरीत जेमतेम एक खुर्ची मावत होती, आणि ती खुर्ची आपली, हे मृदुलानं कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. सगळा संसार भाड्याच्या घरात गेला. प्रत्येक मालकानं खिळा ठोकायला बंदी केली. आपल्या भिंतीत आपण खिळा ठोकायचा, एवढीच तिची हौस होती. बिल्डर दिवाळीपर्यंत थांबायला तयार होता, पण त्यापुढे एक दिवसही नाही.

वसुली एजन्सीचं नाव होतं 'सन्मित्र वसुली सेवा'. सांगलीत एका गादीवाल्याच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. तिथले इंगवले साहेब इतके सभ्य निघाले की भांडायची तयारी करून आलेल्या मृदुलाची पंचाईत झाली. त्यांनी पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला आणि मग फाइल उघडली.

"कर्ज मी घेतलेलं नाही," ती म्हणाली. "मला स्कूटर चालवता येत नाही. हवं तर शेजाऱ्यांना विचारा."

"मान्य आहे, ताई. पण अंगठा जुळतो." इंगवल्यांनी दोन ठसे शेजारी ठेवले. "नाव बदललं म्हणून अंगठा बदलत नाही ना? लग्नात तुमचं नवं नाव कुठे लिहिलं होतं?"

"ताटात. तांदळावर. आमच्या ह्यांनी अंगठीनं लिहिलं. ते चित्रकलेचे मास्तर आहेत, अक्षर सुंदर आहे त्यांचं."

"असेलच. पण जुनं नाव बंद केल्याची नोंद?"

मृदुलानं आठवून पाहिलं. भटजींनी मंत्र म्हटले होते, नणंदेनं पेढे वाटले होते. जुन्या नावाचं काय करायचं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला," ती म्हणाली.

"बघा. म्हणजे पुरावाही गेला." इंगवले खरोखरच हळहळले. "सगळीकडे हेच होतं. नवं नाव वाजतगाजत, आणि जुन्याला कुणी पुसतसुद्धा नाही. मग निस्तरतो आम्ही."

त्यांनी मार्ग सांगितले. सगळी थकबाकी भरली तर नोंद बंद होते, पण रिपोर्ट साफ व्हायला वेळ लागतो. थोड्या रकमेवर तडजोड केली तर 'तडजोड' असा शिक्का राहतो, आणि त्या शिक्क्याला बँका महारोगाला भ्यावं तशा भितात. तिसरा मार्ग झटपट होता. इंगवल्यांनी एक कागद पुढे सरकवला. 'वैजयंती बाळकृष्ण गुर्जर नावाची कोणीही व्यक्ती नाही व कधीही नव्हती.' खाली सहीची जागा होती.

"एवढं केलंत की आठवड्यात रिपोर्ट साफ. पैसाही लागत नाही."

"आणि तिचं काय होतं?"

"नसलेल्या माणसाचं काय होणार, ताई?" इंगवले म्हणाले. "कागद घरी न्या. सही करण्यापूर्वी एकदा भेटून आलात तर बरं. बऱ्याच जणी न भेटताच करतात. मला आवडत नाही, पण मी बोलणारा कोण?"

घरी नवऱ्यानं, हेमंतनं, कागद वाचला, चष्मा काढला आणि पुसत बसला.

"सही करून टाकू का?" मृदुलानं विचारलं. "गॅलरीचा फ्लॅट हातचा जाईल हो."

"तू ठरव," तो म्हणाला. "पण खरं सांगू का? मी पसंत त्यांनाच केलं होतं. कांदेपोह्यांची बशी घेऊन त्याच आल्या होत्या. तू तर लग्नाच्या दिवशी आलीस."

मृदुलाला नवऱ्याचा राग आला आणि बरंही वाटलं. सकाळच्या एसटीनं ती चिपळूणला गेली.

वडील गेल्यापासून घराला कुलूप असेल म्हणून तिनं किल्ली आणली होती. पण दार उघडंच होतं. अंगणात निळी स्कूटर उभी होती, नुकतीच धुतलेली. वैजयंती पायरीवर बसून फणस चिरत होती. वय दोघींचं एकच; पण हिची वेणी लांब होती, आणि मनगटावर तव्याचे चटके नव्हते.

"ये गो," वैजयंती म्हणाली. "हाताला तेल लाव नि बस. हे एवढं संपव माझ्याबरोबर."

मृदुलानं तेल लावलं आणि फणसाचे गरे काढायला बसली. निम्मा फणस झाल्यावर तिनं विचारलं, "स्कूटर कशाला घेतलीस? तुझ्यापायी माझं घर अडलंय."

"बाबांना डायलिसिसला न्यायला."

मृदुलाचे हात थांबले. बाबा फोनवर दर वेळी म्हणायचे, सगळं ठीक आहे, मी एकटा नाही. तिला वाटायचं, शेजारचे गणूकाका नेत असतील. कोण नेतं, हे तिनं कधी खोलात जाऊन विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर रजा काढून जावं लागलं असतं. ही गोष्ट तिला तेव्हाही कळत होती.

"बाबा बसले स्कूटरवर? मला तर म्हणाले होते, मुलीला कशाला हवी स्कूटर, उद्या सासरी मागेच बसायचंय."

"मागे तेच बसायचे मग," वैजयंती म्हणाली. "पहिल्या दिवशी डोळे मिटून घेतलेनी. महिन्याभरात मलाच सांगायला लागले, डावीकडून काढ, त्या टेम्पोला हॉर्न दे. हप्ता त्यांच्या पेन्शनीतून जायचा. ते गेले, पेन्शन थांबली. मला कोण गो देणार पैसे? मी नाव. मला नोकरी नाही, सासर नाही. फोन यायचे एजन्सीचे, अगदी आदबीनं बोलायचे बिचारे. मी म्हणायचे, थांबा, ती येईल."

"बाबा गेले तेव्हा मी आले होते. तू दिसली नाहीस."

"मागच्या खोलीत होते. दोघी समोर आलो असतो तर लोकांनी रडायचं कुणाकडे बघून?" वैजयंतीनं हाताचा चीक पुसला. "तू चौथ्या दिवशी गेलीस. बरोबरच आहे, लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सुतक. मला दहा होतं. मी दहाही धरलं."

तेव्हा मात्र मृदुला रडली. घळाघळा रडली, आणि चिकट हातांनी डोळे पुसायचीही सोय नव्हती. वैजयंतीनं आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले. डोळे तिचेच असल्यामुळे पदर नेमका कुठे लावायचा, हे तिला ठाऊक होतं.

कागद पर्समध्येच राहिला. वैजयंती नव्हती असं लिहून द्यायचं, म्हणजे बाबांना दवाखान्यात कुणीच नेलं नाही असं लिहून द्यायचं. मृदुलाच्या हातून असलं खोटं होणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या अंगठ्यानंही केलं नसतं.

फ्लॅटसाठी साठवलेल्या पैशांतून तिनं सगळी थकबाकी भरली. हेमंतनं पैसे मोजून दिले. "बाईमाणूस एकटी राहते तिथे. तिच्या दारात वसुलीवाले नकोत," एवढंच म्हणाला. इंगवल्यांनी पावती दिली आणि तो तिसऱ्या मार्गाचा कागद परत घेऊन स्वतःच्या हातानं फाडला.

दिवाळीच्या आत रिपोर्ट काही साफ झाला नाही. गॅलरीचा फ्लॅट दुसऱ्या कुणीतरी घेतला. एकदा त्या इमारतीवरून जाताना मृदुलानं वर पाहिलं. गॅलरीत खुर्ची होती, तिच्यावर ओले टॉवेल टाकले होते. तिला वाईट वाटलं आणि पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

संक्रांतीनंतर एका रविवारी दारात हॉर्न वाजला. वैजयंती आली होती. कर्जमुक्तीचा दाखला तिच्या नावानं आला होता, तो दाखवायला. हेमंतनं घाईघाईनं शर्ट बदलला आणि स्वतः कांदेपोहे केले. मीठ जास्त झालं. दोघींनी एकदमच तसं सांगितलं.

खाणं झाल्यावर वैजयंती उठली, अंगणात गेली आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.

"चल," ती म्हणाली. "बाबांच्या जागेवर मी बसते. पुढे तू."

"अगं, मला येत नाही!"

"हातांना येतं. बस तर खरी."

आणि खरंच, मृदुलाला येत नव्हतं. पण हातांना येत होतं. गल्ली संपेपर्यंत तिनं श्वास रोखून धरला. मुख्य रस्त्याला लागल्यावर मागून सूचना सुरू झाल्या. डावीकडून काढ. त्या टेम्पोला हॉर्न दे. तिनं हॉर्न दिला. वारा पदरात शिरला आणि ती मोठ्यानं हसली, भर रस्त्यात, वयाचा विचार न करता.

चौकात वाहतूक पोलिसानं हात केला.

"लायसन?"

वैजयंतीनं मागून हात लांबवून लायसन्स दिलं. पोलिसानं फोटो पाहिला. मग पुढे बसलेल्या बाईचा चेहरा पाहिला. पुन्हा फोटो पाहिला.

"वैजयंती बाळकृष्ण गुर्जर?"

"हो," मृदुला म्हणाली. "मीच."

"जा, ताई. हळू चालवा," पोलीस म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला.